पाळलेला गंज

पेनसिल्व्हेनियाची लांब नळीची ठासणीची रायफल जुन्या पद्धतीनं घडवणारा कारागीर काम संपत आलं की एका विचित्र टप्प्याशी येतो. बंदूक तयार असते. नळी दस्त्यात चपखल बसलेली असते. चाप ओढला की चकमक धरलेला घोडा खटकन पडतो. पितळी पट्ट्या जागच्या जागी असतात आणि दोनचार बार काढून नेमही पाहून झालेला असतो. पण तिच्या अंगावर अजून रंग नसतो. लोखंड घासलेल्या पातेल्यासारखं पांढरं आणि मेपलचं लाकूड सोललेल्या बटाट्यासारखं फिकट. मग तो ती पुन्हा सगळी सुटी करतो. नळीला मुद्दाम गंज चढवतो. दस्त्यावर तेजाब लावतो आणि वरून आच देतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्काच बसला होता. महिनोन्‌महिने खपून केलेली वस्तू शेवटच्या पंधरवड्यात गंजाच्या आणि आम्लाच्या हवाली करायची? पुढे त्यातलं रसायन समजत गेलं तसं लक्षात आलं, की नळीवरचा तपकिरी रंग आणि दस्त्यावरचा तांबूस रंग एकाच घरचे आहेत. दोन्ही ठिकाणी लोखंड आणि ऑक्सिजन यांचीच संयुगं आहेत. नळीवर ती लोखंडाच्या पाठीवर वाढवलेली असतात, दस्त्यात लाकडाच्या रंध्रांत मुरवलेली असतात. आपण कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतो तो गेरूही याच कुळातला. गंज मोकाट सुटला तर बंदूक खातो, आणि हाताखाली ठेवला तर तिला झाकतो. त्याला हाताखाली कसं ठेवतात, ते या प्रकरणात पाहू.

आधी ही बंदूक कुणाची ते सांगायला हवं. अठराव्या शतकात जर्मन मुलखातून आणि स्वित्झर्लंडमधून बरेच लोक पेनसिल्व्हेनियात, विशेषतः लँकेस्टरच्या आसपास येऊन वसले. त्यांच्यातले बंदूककार येताना ‘येगर’ नावाची शिकारी रायफल घडवण्याची विद्या घेऊन आले. येगर म्हणजे शिकारी. ती बंदूक आखूड, जाड आणि मोठ्या गोळीची, दस्ता बहुधा अक्रोडाचा. नव्या मुलखात शिकारी दिवसचे दिवस रानात असे आणि शिसं नि दारू पाठीवर वाहून न्यावी लागे. दोनतीन पिढ्यांत नळी लांबत चाळीस इंचांच्या पुढे गेली, गोळी लहान झाली, दस्ता सडपातळ झाला आणि अक्रोडाची जागा मेपलनं घेतली. नळीच्या आत मळसूत्री खाचा. तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासायची. सुटताना त्या खाचा तिला फिरकी देतात आणि फिरती गोळी सरळ जाते.

या मंडळींपैकी याकोब डिकर्ट 1740 मध्ये माइन्झला जन्मला, 1748 मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत आला आणि लँकेस्टरला त्यानं धंदा मांडला. तो 1822 मध्ये वारला. सरहद्दीवरच्या लोकांत त्याच्या कारखान्याच्या रायफली इतक्या पसरल्या, की ‘डेकर्ड’ हे बिघडलेलं नावच रायफलीला पडलं. 14 जून 1775 रोजी अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसनं रायफलधाऱ्यांच्या दहा तुकड्या उभारायचा ठराव केला. सहा पेनसिल्व्हेनियाच्या, दोन मेरीलँडच्या आणि दोन व्हर्जिनियाच्या. अमेरिकेचं सैन्य आपला जन्मदिवस तोच मानतं. पुढे 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवर एक गाणं गाजलं आणि त्यातून हीच बंदूक ‘केंटकी रायफल’ म्हणून ओळखली जाऊ लागली, तिचं माहेर पेनसिल्व्हेनिया असूनही.

एकोणिसाव्या शतकात यंत्रावर बनलेल्या बंदुका आल्या आणि ही विद्या मागे पडली. अपालाचियन डोंगरांतल्या काही घरांत ती तगून राहिली. 1933 मध्ये ठासणीच्या रायफलींच्या शौकिनांनी अमेरिकेत राष्ट्रीय संघटना स्थापन केली. 1966 मध्ये जॉर्जियातल्या रेबन गॅप इथल्या शाळकरी मुलांनी आपल्याच भागातल्या म्हाताऱ्या माणसांना भेटून, त्यांची कामं विचारून ‘फॉक्सफायर’ नावाचं मासिक सुरू केलं. त्यातून निघालेल्या पुस्तकांपैकी 1979 च्या पाचव्या भागात लोहारकाम आणि चकमकीच्या रायफली आहेत. आणि व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या गावात वॉलेस गस्लर या कारागिरानं साध्या लोखंडी पट्टीपासून अख्खी रायफल अठराव्या शतकातल्या पद्धतीनं करून दाखवली. त्यावर 1969 मध्ये ‘द गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट निघाला. लोखंडाची तापवलेली पट्टी सळईभोवती वळवून, कडेला कड जोडत नळी होते, हे त्यात डोळ्यांनी बघायला मिळतं. ज्याला लोखंडकामात रस आहे त्यानं तो जरूर पाहावा.

आता नळीकडे वळू. बाहेरून ती अष्टकोनी असते, आणि आठही बाजू एका जाडीच्या नसतात. बुडाशी जाड, पुढे निमुळती आणि तोंडाशी पुन्हा किंचित रुंद, अगदी पुसट डमरूसारखी. अशी नळी हातात धरली की तोल मागच्या हाताकडे येतो. पण घासणाऱ्याचं काम त्यामुळे अवघड होतं. बाजू सपाट दिसायला हव्यात, कडा सरळ रेषेत धावायला हव्यात, आणि तरी कानस त्या हलक्या वळणाबरोबर चालायला हवी.

लोहारकामात कानस साधारणपणे पुढे ढकलत चालवतात. इथे ती आडवी धरायची, दोन्ही टोकांना दोन हात, आणि नळीच्या लांबीवर आपल्याकडे ओढत यायचं. या ओढत्या घासण्यानं आडव्या ओरखड्यांच्या जागी नळीच्याच दिशेनं जाणाऱ्या बारीक रेषा उमटतात आणि कडा धारदार राहतात. कानशीच्या दातांत कीस अडकला की तोच कीस लोखंडावर खोल चरा ओढतो, म्हणून दातांत आधी खडू घासून ठेवायचा आणि दोनचार हातांनंतर ब्रशनं झाडायचा. लिहायला हे एका ओळीचं काम आहे. प्रत्यक्षात चाळीसबेचाळीस इंचांच्या आठ बाजूंना दिवस जातात. जुने लोक त्यानंतर कुरुंदाची पूड तेलात कालवून लाकडी ठोकळ्यानं घासत. आजचे पॉलिश पेपर वापरतात.

मात्र आरशासारखी झळाळी इथे आणायची नाही. नवशिके इथेच फसतात. चकाचक पृष्ठभागावर गंजाला पकड मिळत नाही. त्याला किंचित खरखर हवी असते, 220 नंबरच्या कागदानं येते तेवढी. आचेवर निळी झाक असलेला रंग द्यायचा असेल तर झळाळी लागते, तपकिरीला नाही.

गंज चढवण्याआधी नळी तेलमुक्त करावी लागते. बोटाचा एक ठसा राहिला तरी तेवढी जागा कोरी राहते. जुन्या कृतींत यासाठी चुना सांगितला आहे: विरलेला चुना पाण्यात कालवून फासायचा, वाळू द्यायचा, झटकायचा. चुना तेलाला धरून ठेवतो आणि काही प्रमाणात त्याचा साबणही करतो. नळीच्या दोन्ही तोंडांत लाकडी खुंट्या ठोकतात. आतल्या खाचांत आम्लाचा थेंब जाऊ नये हा एक हेतू आणि पुढचे सातआठ दिवस लोखंडाला हात न लावता नळी उचलता यावी हा दुसरा. रंजकाचं बारीक भोकही बुजवायचं. एवढं करून मग द्रावण.

द्रावणांच्या कृती घराघराच्या वेगळ्या होत्या आणि बऱ्याच गुप्त ठेवल्या जात. पण त्यांतले जिन्नस आपल्याला परके नाहीत. सोऱ्यापासून काढलेलं तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल. मोरचूद. हिराकस. नवसागर, जो कल्हईवाला तापल्या भांड्यात टाकतो आणि पांढरा धूर निघतो तोच. काही कृतींत पाऱ्याचे विषारी क्षारही असत. ते आज कुणी वापरू नयेत. प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे. आम्ल पृष्ठभाग कुरतडून गंजाला सुरुवात करून देतं. मोरचुदातलं तांबं लोखंडावर सूक्ष्म कणांनी बसतं, त्यामुळे ठिकठिकाणी इवल्याशा विद्युत घटांसारखी क्रिया सुरू होते आणि शेजारचं लोखंड लवकर गंजतं. नवसागर हवेतला ओलावा ओढून घेतो.

कापडाचा बोळा द्रावणात जेमतेम भिजवायचा आणि बुडापासून तोंडापर्यंत एकाच ओढीत फिरवायचा. परत मागे यायचं नाही. दुसरा हात बसला तर तिथे डाग राहतो. मग नळी दमट जागी टांगायची. कोरड्या हवेत काहीच होत नाही, म्हणून कारागीर उभी लाकडी पेटी करून तळाशी गरम पाण्याचं भांडं ठेवतात. अर्थात पावसाळ्यात कोकणात राहणाऱ्याला अशी पेटी करायची गरज पडणार नाही. तिथे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत आणि आषाढात त्यांना नेमकं उलटं करावं लागतं, तेल लावून लावून हा ओलावा दूर ठेवावा लागतो.

काही तासांनी, किंवा रात्रभर ठेवल्यावर, नळीवर नारिंगी लव आलेली असते. पहिल्या दिवशी ती पाहून मन खट्टू होतं, कारण ती सगळीकडे सारखी नसते. ठिपके, पट्टे, मधूनच उघडं लोखंड. आता तारेच्या मऊ ब्रशनं किंवा जाड्याभरड्या कापडानं ती लव झाडायची. झाडायची, खरवडायची नाही. सैल गंज निघून जातो आणि खाली घट्ट चिकटलेला एक अगदी पातळ थर राहतो, चहाच्या डागासारखा. पुन्हा द्रावण, पुन्हा दमट हवा, पुन्हा झाडणं. तिसऱ्या हाताला पट्टे जुळायला लागतात. सहा, आठ, कधी दहा हातांनंतर रंग पिकल्या चिंचेसारखा गडद आणि एकसारखा होतो.

सगळी कारागिरी या झाडण्यात आहे, असं माझं मत आहे. कुंपणाच्या तारेवरचा गंज आणि हा गंज रसायनानं एकच. पण गंजाला मुळातल्या लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, त्यामुळे मोकळा वाढलेला गंज फुगतो, पोपडे धरतो, पोपड्याखाली पाणी साचतं आणि लोखंड आणखी आतून खाल्लं जातं. रोज सैल भाग झाडून टाकला की वाढतो तो फक्त लोखंडाला घट्ट धरून बसणारा थर. तो सूक्ष्म छिद्रांचा असतो, आणि तेल किंवा मेण तो स्पंजासारखं धरून ठेवतो. म्हणजे ओलाव्यापासून जे काही रक्षण होतं ते गंज आणि तेल दोघं मिळून करतात. तेल सुटलं तर गंजही सुटतो.

थांबवणं हेही तितकंच काळजीचं. रंग मनासारखा झाला म्हणून क्रिया आपोआप थांबत नाही. आम्ल आणि क्षार छिद्रांत दडलेले असतात. उकळतं पाणी भरपूर ओतायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मारायचं आणि नळी गरम असतानाच मेण किंवा तेल चोळायचं, म्हणजे ते आत ओढलं जातं. तरीही चारपाच दिवस नळी घाम आल्यासारखी पुन्हा नारिंगी ठिपके दाखवते. ते पुसत राहायचं. आणखी एक गंमत: ही लाल-तपकिरी नळी प्रत्येक हातानंतर पाण्यात उकळत गेलं तर गंजाचं रूप पालटून तो काळा, चुंबकाला धरणारा ऑक्साइड होतो आणि नळी निळसर काळी दिसू लागते. एकाच गंजाचे हे दोन अवतार. कारागीर कोणता निवडतो ते फक्त उकळत्या पाण्यावर ठरतं.

तपकिरी नळीचा शिकाऱ्याला उघड फायदा होता. उन्हात ती चमकत नाही. इंग्रजांनी 1800 च्या सुमारास आपल्या रायफलधारी सैनिकांना दिलेल्या बेकर रायफलीची नळीही तपकिरी असे, तर साध्या शिपायाला आपल्या मस्केटची नळी विटेच्या भुकटीनं घासून पांढरी चकचकीत ठेवावी लागे. पण पेनसिल्व्हेनियाच्या सगळ्या जुन्या रायफली सुरुवातीपासून तपकिरी होत्या असं समजणं चूक ठरेल. काही कोऱ्या पांढऱ्या विकल्या गेल्या, काही कोळशाच्या आचेवर निळसर केल्या गेल्या. आज संग्रहालयात त्या सगळ्याच तपकिरी दिसतात, त्यात कारागिराचा हात किती आणि दोनशे वर्षांच्या हवेचा किती, हे नुसत्या नजरेनं सांगता येत नाही.

आता लाकूड. मेपल म्हटलं की आपल्याला डब्यातला मेपल सिरप आठवतो. त्या कुळातली दोन झाडं, शर्करा मेपल आणि लाल मेपल, या दस्त्यांना लागतात. त्यांतल्या काही झाडांचे तंतू सरळ न वाढता बारीक लाटा घेत वाढतात. का, याचं एकच ठाम उत्तर नाही. असा ओंडका फाडून तासला की पृष्ठभागावर वाघाच्या अंगासारखे आडवे पट्टे दिसतात. व्हायोलिनची पाठ अशाच लाकडाची करतात.

हे पट्टे रंगाचे नाहीत, हे आधी ध्यानात घ्यायला हवं. लाट जिथे पृष्ठभागात बुडी मारते तिथे तंतूंची कापलेली तोंडं वर येतात. ती प्रकाश गिळतात. लाट जिथे आडवी पडते तिथे तंतूंची पाठ प्रकाश परतवते. म्हणून दस्ता हातात थोडा फिरवला की उजळ पट्टा काळवंडतो आणि काळा उजळतो. धूपछाँव पैठणीचा पदर हलवला की रंग बदलतो, तिथे उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. इथे धागा एकच आहे, फक्त तो वाकडा विणला गेला आहे.

असं लाकूड रंध्यानं तासायला गेलं तर ते कपचे देतं, कारण पात्याला प्रत्येक लाटेवर एकदा तंतू अनुकूल आणि एकदा उलटे भेटतात. म्हणून शेवटची सफाई खरवडून करायची. पोलादाचा पातळ पत्रा, त्याची कड घासून तिला बारीकशी वळलेली धार आणलेली. तो दोन्ही अंगठ्यांनी किंचित वाकवून ओढला की लाकडाची तलम कातडी निघते. जुने कारागीर यानंतर अश्वपुच्छ नावाच्या पाणथळ वनस्पतीच्या दांड्यांनी लाकूड घासत. तिच्या अंगात वाळूचाच पदार्थ, सिलिका, असतो, त्यामुळे ती निसर्गाचा पॉलिश पेपरच आहे. खरवडलेल्या दस्त्यावर हात फिरवला तर पट्ट्यांच्या चालीनं अगदी हलक्या लाटा बोटांना लागतात. पॉलिश पेपरनं त्या मरतात. जुन्या पद्धतीच्या बंदुकीवर त्या हव्यातच, असं मला वाटतं. त्या लाटांवरून दस्ता पात्यानं साफ केला आहे हे कळतं.

पुढे एक काम आहे ते चुकवून चालत नाही. दस्ता ओल्या फडक्यानं पुसून वाळवायचा. खरवडताना दाबले गेलेले तंतू पाणी पिऊन उठतात आणि सगळ्या दस्त्यावर बारीक कुसळं उभी राहतात. ती धारदार पात्यानं हलकेच कापायची. पुन्हा ओला, पुन्हा वाळवण, पुन्हा कापणं, दोनतीनदा. हे केलं नाही तर पहिल्या पावसात ती कुसळं बंदुकीच्या मालकाच्या हातात उभी राहतील, रंगरोगण सगळं झाल्यावर.

मग येतं तेजाब. युरोपात या द्रावाला लॅटिन नाव होतं, ‘अॅक्वा फोर्टिस’, म्हणजे जबर पाणी. आपल्याकडे फारसीतून आलेला तेजाब हा शब्दही ‘तेज’ आणि ‘आब’, म्हणजे तीक्ष्ण पाणी, असाच बनला आहे. ते तयार व्हायचं सोऱ्यापासून, आणि अठराव्या शतकात जगाच्या बाजारातला बराचसा सोरा बिहारमधून जात असे. पाण्यात मिसळून सौम्य केलेल्या या आम्लात लोखंडाचा कीस चिमूटचिमूट टाकत विरघळवायचा. तांबूस विषारी वाफा निघतात, म्हणून हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. आणि शाळेत शिकवलेला नियम पाळून: आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. जे उरतं ते आम्लात विरघळलेलं लोखंड, लोह नायट्रेट.

ते दस्त्यावर फासलं की लाकूड हिरवट, मळकट दिसू लागतं. नवखा माणूस इथे घाबरतो. आता आच. पूर्वी तापवून लाल केलेली लोखंडी कांब लाकडाजवळून फिरवत. आज गरम हवा फेकणारी बंदूक वापरतात. लाकूड तापतं आणि आच जिथे जिथे जाते तिथे, डोळ्यांदेखत, मळकट हिरव्यातून लालसर तपकिरी रंग फुलून येतो. या कामातला मला सर्वांत प्रिय क्षण हाच. लोह नायट्रेट उष्णतेनं फुटतं, नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या वाफा उडून जातात आणि लाकडाच्या तंतूंत उरतो लोखंडाचा ऑक्साइड. नळीवर जो आठवडाभर खपून वाढवला, तो गंज इथे काही सेकंदांत जन्मतो. तंतूंची तोंडं जास्त द्राव पितात, म्हणून काळे पट्टे अधिक काळे होतात. लाकडाच्या अंगचाच पट्टा गंजामुळे ठळक होतो.

मेपलऐवजी अक्रोड किंवा ओक असता तर हाच द्राव वेगळा वागला असता. त्या लाकडांत टॅनिन भरपूर असतं आणि टॅनिन अन् लोखंड भेटले की काळा रंग होतो. आवळा लोखंडी विळीवर चिरला तर विळी आणि आवळा दोन्ही काळे पडतात ते यामुळेच. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपले लोक करत आले ती याच मेळातून. मेपलमध्ये टॅनिन थोडं, म्हणून त्यात लोखंड काळं न पडता तांबूस राहतं. ज्यांना गडद रंग हवा ते कारागीर आधी टॅनिनचा हात देऊन मग लोखंडाचा देतात.

नळीप्रमाणे इथेही क्रिया थांबवावी लागते. लाकडात आम्ल उरलं तर रंग महिनोन्‌महिने काळवंडत किंवा हिरवट होत राहतो. पूर्वी राखेचं पाणी, आता सोड्याचं. वाळल्यावर दस्ता कोळशासारखा निस्तेज दिसतो आणि आपण जास्तच जाळलं की काय असं वाटतं. वरची काजळी हलक्या हातानं घासून काढली आणि तेलाचं पहिलं बोट फिरवलं, की खालून ते पट्टे आणि त्यांची हलती चमक एकदम वर येते.

तेल जवसाचं. विदर्भ-मराठवाड्यात ज्याची चटणी भाकरीबरोबर खातात तेच जवस. सगळी तेलं वाळत नाहीत. खोबरेल वर्षभर उघडं ठेवलं तरी ते तेलच राहतं. पण जवसाच्या तेलाचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांत गुंफले जातात आणि चिवट पापुद्रा तयार होतो. तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जमणारा चिकट थर, किंवा बिडाच्या तव्यावर तेल जाळून चढणारा गुळगुळीत काळा थर, हीच क्रिया. कच्चं जवस तेल मात्र दिवसचे दिवस चिकट राहतं, म्हणून जुने लोक ते मुरदाडशिंग घालून कढवत. शिशामुळे ते लवकर वाळतं. त्यात राळ विरघळवली की झालं तेलाचं रोगण. हातानं चोळलेल्या शंभर हातांच्या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण लँकेस्टरच्या बंदूककाराला पोट होतं. दोनतीन पातळ हात रोगणाचे, उन्हात वाळवलेले, एवढ्यात तो पुढच्या बंदुकीला लागत असणार.

तेलाबद्दल एक सावधगिरी, जी प्रत्येक सुतारानं आणि रंगाऱ्यानं पाळावी. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती उष्णता सोडतात. बोळ्याच्या पोटात ती साठते आणि फडकं आपोआप पेटतं. आगकाडीची गरज लागत नाही. फडकी दोरीवर सुटी वाळत घालावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

मग पुन्हा जुळणी. नळी दस्त्यातल्या खोबणीत बसवताना नळीला काजळीचा पातळ हात देऊन दाबायची, जिथे काळा ठसा उमटेल तिथेच लाकूड कोरायचं, हे काम महिनाभर आधी झालेलं असतं. आता ती काजळी पुसून त्या जागी मेण दिलं जातं. बारीक खिळ्या आडव्या ठोकल्या जातात, गज आपल्या नळकांड्यांत सरकवला जातो, चकमकीला चामड्याचा तुकडा गुंडाळून ती घोड्याच्या तोंडात आवळली जाते.

नळीच्या आठ बाजूंपैकी खालच्या तीन आता कुणाला दिसणार नाहीत. त्या लाकडाच्या खोबणीत असतात आणि बऱ्याच जुन्या बंदुकांत त्यांवर कानशीचे जाड ओरखडे तसेच ठेवलेले सापडतात, कारण न दिसणाऱ्या जागी दिवस घालवायला कुणाला सवड नव्हती. दस्त्याच्या उजव्या अंगाला चिंध्यांसाठी पितळी झाकणाचा एक छोटा कप्पा असतो. जुन्या रायफलींचा अभ्यास करणारे ते झाकण आधी उघडतात. बाहेरचं लाकूड दोन शतकांच्या हातांनी, धुरानं आणि नंतरच्या मालकांच्या रोगणांनी काळं झालेलं असतं, मनगटाशी तर रंग पार झिजून गेलेला असतो. झाकणाखाली ऊन नि हात दोन्ही पोचलेले नसतात, आणि तिथे कधी कधी अजून तो लालसर तपकिरी रंग दिसतो, तापल्या कांबीखाली फुलला होता तसा.